नळाला झिणझिण्या येतात, तेव्हा डीबीमध्ये काय नसते

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्राचा सारांश असा. त्यांच्या ७२ वर्षांच्या आई पुण्यात, १९९० च्या सुमारास बांधलेल्या इमारतीत एकट्याच राहतात. गिझर चालू असताना नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, असे त्या पंधरा दिवसांपासून सांगत आहेत. इमारतीतल्या नेहमीच्या वायरमनने डीबी, म्हणजे घरातल्या विजेच्या खटक्यांची पेटी, उघडून पाहिली आणि "एमसीबी लावलेला आहे, काळजी करू नका" असे सांगून तो निघून गेला. (एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका.) आई गिझर बंद करायला विसरतात, म्हणून अमेरिकेतून एक वायफाय प्लग पाठवावा आणि गिझर मोबाइलवरून आपणच चालू-बंद करावा, असा या गृहस्थांचा विचार आहे. शेवटी त्यांनी विचारले आहे की अशा गोष्टींत सरकारने सक्ती करावी का, की हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मी सव्वीस वर्षे परवानाधारक विद्युत कंत्राटदार म्हणून घरगुती वायरिंगचे काम करतो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो.

उत्तराची वाट न पाहता आजच करायची गोष्ट आधी सांगतो. आईंना फोन करून गिझरचा थ्री पिन टॉप सॉकेटमधून काढून ठेवायला सांगा, आणि तो कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, आधी स्विच बंद करून काढायचा, हेही सांगा. नुसता स्विच बंद ठेवणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) उलटे जोडलेले मला इतक्या वेळा सापडले आहेत की स्विच बंद केला की गिझरपर्यंत फेज पोहोचत नाही, असे पाहिल्याशिवाय मी गृहीत धरत नाही. दुरुस्ती होईपर्यंत पाणी गॅसवर तापवावे. बादलीत सोडायचा रॉड मात्र अजिबात वापरू नये, कारण ज्या घराच्या अर्थिंगवर आपला विश्वास उरलेला नाही, त्या घरात रॉड गिझरपेक्षाही धोक्याचा असतो.

आता झिणझिण्या का येतात ते पाहू. गिझरच्या टाकीत पाणी तापवणारा जो एलिमेंट असतो, त्यात मधोमध तापणारी तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पांढरी भुकटी आणि बाहेरून धातूची नळी अशी रचना असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. बोअरवेलच्या जड पाण्याने नळीवर क्षारांचा थर चढतो, त्याखाली नळी जास्त तापते, कालांतराने तिला केसाएवढी चीर पडते आणि पाणी भुकटीपर्यंत पोहोचते. त्यानंतर वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरू लागते. मागच्या हिवाळ्यात मी असाच एक एलिमेंट काढला. वरून पाहिले तर चुनखडीचा जाड पापुद्रा एवढेच दिसत होते. पापुद्रा नखाने सोलल्यावर खालच्या वळणावर तीळभर काळा डाग दिसला, आणि गिझरमधली सगळी गळती त्या तीळभर जागेतून होत होती.

अर्थिंग शाबूत असेल तर ही गळती पत्र्यातून हिरव्या वायरने जमिनीत निघून जाते आणि नळाला हात लावणाऱ्याला काहीच जाणवत नाही. तुमच्या आईंना जाणवते आहे, याचा अर्थ माझ्या लेखी बहुधा एकच निघतो, की एलिमेंट गळतो आहे आणि अर्थिंगही तुटलेले आहे. एक दोष दुसऱ्यामुळे उघडा पडला आहे. आज नुसत्या झिणझिण्यांवर भागते, कारण पाइप प्लास्टिकचे असतील तर त्यातल्या पाण्याच्या लांब, बारीक धारेचा विरोध मोठा असतो आणि अंगातून एखादा मिलिअँपिअर जेमतेम जातो. उद्या त्यांनी ओल्या हाताने थेट गिझरच्या पत्र्याला किंवा एखाद्या लोखंडी पाइपाला स्पर्श केला, तर हा विरोध मध्ये राहणार नाही.

तेव्हा किती प्रवाह जाईल, याचा हिशेब सोपा आहे. ओल्या अंगाचा विरोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एक मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला वीज जाणवू लागते; दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते; तीसच्या पुढे श्वासाचे स्नायू जखडू शकतात, आणि त्याहून मोठा प्रवाह जितका जास्त वेळ वाहील, तितका हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. आता तुमच्या वायरमनने ज्याच्या भरवशावर तुम्हाला निर्धास्त केले, त्या एमसीबीकडे पाहा. गिझरचा एमसीबी सहसा १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा असतो. माणसाचा जीव घ्यायला पुरेसा असलेला २३० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतो, आणि हा त्याचा दोष म्हणता येत नाही. वायर तापून जळू नये यासाठी तो बनवलेला आहे. तो वायरीचे रक्षण करतो, माणसाचे करत नाही.

माणसाच्या रक्षणासाठी वेगळे उपकरण असते. त्याचे नाव आरसीसीबी, आणि जुने लोक त्यालाच ईएलसीबी म्हणतात. त्याच्या पोटात लोखंडाचे एक कडे असते आणि त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी जातात. फेजने जितका प्रवाह घरात गेला तितकाच न्यूट्रलने परत आला, तर कडे शांत राहते. काही प्रवाह वाटेतच माणसाच्या अंगातून किंवा गिझरच्या पत्र्यातून जमिनीकडे वळला, तर जाणारा आणि येणारा यांचा मेळ बसत नाही आणि आरसीसीबी पडतो. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा असतो. मानकानुसार १५ पर्यंत तो पडता कामा नये, ३० ला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पडला पाहिजे, आणि गळती पाचपट किंवा त्याहून जास्त असेल तर ०.०४ सेकंदात पडला पाहिजे. इतक्या वेळात झटका बसतो, पण माणूस चिकटून राहत नाही.

यावर अनेक जण विचारतात, की मग चांगले अर्थिंग असताना आरसीसीबी कशाला, किंवा आरसीसीबी असताना अर्थिंग कशाला. याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, तुमच्या इमारतीच्या अर्थिंगचा विरोध ५ ओहम आहे, म्हणजे आपल्याकडच्या मानाने चांगला आहे, आणि गिझरमध्ये फेज थेट पत्र्याला टेकला. प्रवाह वाहील जास्तीत जास्त ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा नेहमीचा सी प्रकारचा एमसीबी तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो काही सेकंदांपासून जवळजवळ मिनिटभरापर्यंत कितीही वेळ घेऊ शकतो, आणि तेवढा वेळ गिझरचा पत्रा जिवंत राहतो. जुन्या इमारतीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून विरोध २० ओहमवर गेला असेल, तर प्रवाह साडेअकरा अँपिअरच होतो आणि एमसीबी कधीच पडत नाही. आरसीसीबीला मात्र साडेअकरा अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या कित्येकशे पट. तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो.

उलट बाजूने पाहिले, तर अर्थिंगच नसलेल्या घरातही आरसीसीबी काम करतो, पण गळतीला जमिनीकडे जायला दुसरी वाट नसल्यामुळे माणसाने हात लावल्यावरच तो पडतो. अर्थिंग असेल तर गळती सुरू झाल्या झाल्या, बहुधा कोणी बाथरूममध्ये नसतानाच तो पडतो आणि दोष आधीच कळतो. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्रच करायला सांगतो आणि कोणी त्यातली एकच मागितली, तर ते काम घेत नाही. एक मर्यादाही सांगायला हवी. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, आणि त्याचे अंग जमिनीपासून तुटलेले असेल, तर आरसीसीबीला तो माणूस आणि बल्ब यांतला फरक कळत नाही. त्या प्रसंगापासून वाचवणारे उपकरण घरात नसते.

तुमच्या इमारतीत अर्थिंग कुठे तुटले असेल, याबद्दल मी अंदाजच करू शकतो. पण त्या काळातल्या इमारतींत तीन ठिकाणे ठरलेली आहेत. पहिले बाथरूमबाहेरचा स्विचबोर्ड. बोर्डात अर्थची वायर आणलेलीच नसते, किंवा आणलेली असते पण टोकाला काळी टेप गुंडाळून मागे खोचलेली असते. दुसरे मीटर रूम, जिथे अर्थची पट्टी गंजून बोल्टपासून सुटलेली असते. तिसरे पार्किंग. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीत अर्थिंगचा खड्डा शोधताना आम्हाला अर्धा दिवस लागला. पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवताना मधे येते म्हणून गॅल्व्हनाइज्ड पट्टी जमिनीलगत कापून टाकली होती आणि तिच्यावर ब्लॉक बसवले होते. पाच मजल्यांवरच्या प्रत्येक सॉकेटमध्ये हिरवी वायर होती, पण ती जमिनीपर्यंत कुठेच पोहोचत नव्हती. दोन वर्षे कोणाला कळले नव्हते, कारण अर्थिंग नसले तरी दिवे लागतात, पंखे फिरतात आणि बिलही वेळेवर येते.

याहून वाईट एक प्रकार आहे, आणि तुमच्या घरी तो केलेला नाही ना, हे आधी पाहा. सॉकेटमध्ये अर्थची वायर मिळाली नाही, की काही जण न्यूट्रलच्या खिळ्यापासून अर्थच्या खिळ्यापर्यंत एक छोटा तुकडा लूप करून देतात. टेस्ट लॅम्प लावला तर तो व्यवस्थित पेटतो आणि गिऱ्हाईकाला अर्थिंग आले असे वाटते. पण मुख्य न्यूट्रल एखाद्या दिवशी ढिला होऊन सुटला, तर त्या सर्किटवर एखादे उपकरण चालू असले, की फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर यांचे पत्रे त्या उपकरणामार्फत फेजवर येतात. एमसीबी पडत नाही. माझ्या मते हा निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यायचा प्रकार नाही, तो गुन्हा मानला गेला पाहिजे.

आरसीसीबी बसवल्यानंतर तुम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येईल, की तो सारखा पडतो. निम्म्या घरांत याचे कारण इन्व्हर्टर असते. घराचे वायरिंग एकाने केलेले असते, इन्व्हर्टर दुसऱ्याने जोडलेला असतो. त्याने फेज आरसीसीबीच्या पुढून घेतलेला असतो आणि न्यूट्रल मागच्या सामाईक पट्टीवर टाकलेला असतो. जाणारा प्रवाह कड्यातून जातो, येणारा बाहेरून येतो, आणि आरसीसीबीला ती गळतीच वाटते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॉइंटचे न्यूट्रल वेगळे काढले की पडणे थांबते. हे काम दोन-तीन तासांचे आहे. ते करण्याऐवजी वरच्या दोन वायरी खालच्या दोन वायरींना सरळ जोडून आरसीसीबी बायपास करायला दोन मिनिटे लागतात, आणि त्यामुळेच मी उघडलेल्या कितीतरी डीबींत आरसीसीबी दिसतो खरा, पण तो नुसता शोभेला असतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हे एकदा केले आहे. ऐन गणपतीत एका घरचा आरसीसीबी दर दहा मिनिटांनी पडत होता, घरात पाहुणे होते, आरती खोळंबली होती आणि यजमान कळवळून सांगत होते की आता पाच दिवस एवढे चालवून द्या. मी चालवून दिले. दोष मखराच्या माळेत होता. तिची सोललेली वायर मखराच्या लोखंडी पट्टीला टेकत होती. तिसऱ्या दिवशी घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने ती पट्टी धरली आणि तो मागे फेकला गेला. तो फेकला गेला म्हणूनच वाचला. पट्टीला चिकटला असता, तर मी आज हे लिहीत नसतो. त्या दिवसापासून जो आरसीसीबी पडतो आहे, तो खरे बोलतो आहे असे धरूनच मी कामाला सुरुवात करतो.

आता वायफाय प्लगविषयी. अमेरिकेतला प्लग तर पाठवूच नका. तो तिथल्या १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि इथे २३० व्होल्ट आहेत. इथे मिळणारा घ्यायचा झाला, तर २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो आणि ३ किलोवॉटचा १३. १० अँपिअरचा प्लग यावर टिकत नाही, १६ अँपिअरचा आयएसआय चिन्हाचाच हवा. ते चिन्ह खरे आहे का, हे त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर टाकून तपासता येते. पण आकड्यांपेक्षा मोठे तीन आक्षेप आहेत. अशा बहुतेक प्लगमधला रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, एकच वायर तोडतो. सॉकेट उलटे जोडलेले असेल तर मोबाइलवर "बंद" दिसत असतानाही गिझरमध्ये फेज असतो. गिझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच लावतात तो याचसाठी. दुसरे असे, की मोठ्या प्रवाहाने रिलेचे कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटून बसतात, आणि काही प्लग तरीही बंद झाल्याचे कळवतात.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आंघोळीला जाण्याआधी गिझर बंद करायचा, हा आपल्या घरांतला जुना आणि शहाणपणाचा नियम आहे. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला आई बाथरूममध्ये आहेत की स्वयंपाकघरात, हे कळत नाही. म्हणून दूरवरून गिझर बंद करता यावा, पण चालू करता येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि बाजारातल्या बहुतेक अॅपमध्ये तसा फरक करता येत नाही. आई विसरतात ही तुमची खरी अडचण आहे, आणि तिला इंटरनेटची गरज नाही. डीबीमध्ये बसणारा, वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर मिळतो. तो वायफाय गेल्यावरही चालतो. तरीही प्लग लावायचाच असेल, तर राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असेच न बदललेले पासवर्ड वापरून. कॅमेऱ्यातून घर दिसते. प्लगमधून तुमच्या आईंचा गिझर चालू होतो.

सक्तीच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या अमेरिकेतल्या बाथरूममध्येच आहे. तिथल्या सॉकेटवर टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणे असतील. ते आरसीसीबीच्याच जातीचे उपकरण आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये त्या उपकरणाचा शोध लावला, आणि १९७५ च्या अमेरिकन वायरिंग संहितेने ते घरांच्या बाथरूममधल्या सॉकेटना बंधनकारक केले. ते आपल्या आरसीसीबीपेक्षाही नाजूक, साधारण ५ मिलिअँपिअरला पडते. तुम्ही ते निवडले नाही, विकत आणले नाही, त्याविषयी वाचलेही नाही; तरी ते रोज तुमचे रक्षण करते. घरच्या वीजसुरक्षेत सक्ती हवी असे मी म्हणतो, ते यासाठी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला डीबी उघडायचा अधिकार नसतो, आणि पार्किंगमध्ये कापलेल्या पट्टीचा धोका पाचव्या मजल्यावरच्या माणसाला असतो. मग याला ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न कसे म्हणायचे?

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. जुन्या १९५६ च्या नियमावलीतला ६१-अ हा नियम अर्थ लीकेजचे उपकरण मागत होता, आणि आज केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियमही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा सांगतात. पण या नियमांनी लहान भाराच्या घरांना सुरुवातीपासून सूट दिली आहे. एका खोलीचे घर, ओली जमीन, पत्र्याची भिंत, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांची तार, अशा ठिकाणी धोका सर्वांत जास्त असतो आणि सूट नेमकी तिथेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू अलीकडे वर्षाला दहा हजारांच्या वर दिसतात. ते सगळे घरातले नसतात, तरी ही सूट चालू ठेवण्यासारखा तो आकडा नाही. २०१५ पासून उजाला योजनेत एकगठ्ठा खरेदी करून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले. त्याच पद्धतीने लहान घरांच्या मीटरखाली आरसीसीबी देता येईल, असे मला मनापासून वाटते.

जुन्या इमारतींसाठी दुसरी वाट आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थांना ठरावीक वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. त्याच वेळी अर्थिंगचा विरोध आणि प्रत्येक फ्लॅटचे इन्सुलेशन मोजून लेखी नोंदवणे बंधनकारक केले, तर खर्च फारसा वाढणार नाही. नव्या जोडणीच्या वेळी कंत्राटदार जो टेस्ट रिपोर्ट देतो, तो फाइलला लागतो आणि पुढची तीस वर्षे तिकडे कोणी पाहत नाही. माझ्या व्यवसायातले काही जण तो न मोजताच भरतात, हेही मला इथे लिहिले पाहिजे.

तुमच्या घरी आता नवा वायरमन बोलवा. त्याचा परवाना पाहा, आणि तो मेगर (इन्सुलेशन मोजणारे यंत्र) आणि अर्थ टेस्टर (अर्थिंगचा विरोध मोजणारे यंत्र) आणणार आहे का, हे फोनवरच विचारा. नुसता स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर खिशात घालून येणाऱ्याचे हे काम नाही. एलिमेंट बदलून घ्या. अर्थची वायर मीटर रूमपर्यंत सलग आहे हे मोजून घ्या आणि खड्ड्याचा विरोध कागदावर लिहून घ्या. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा आणि ए प्रकारचा घ्या, कारण वॉशिंग मशीन, एलईडी आणि इन्व्हर्टर एसी यांच्या गळतीचे स्वरूप 'एसी' या जुन्या प्रकारचा आरसीसीबी नीट ओळखत नाही. चांगल्या कंपनीचा दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. आरसीसीबीवर टी अक्षराचे छोटे बटण असते. वायरमन निघण्याआधी आईंना डीबीपाशी उभे करा, ते बटण त्यांच्याच बोटाने दाबायला लावा, घरातली वीज गेली की खटका त्यांच्याच हाताने पुन्हा वर करायला सांगा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला हे करायचे असे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.